रेषेची थरथर

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एक चित्रपट तयार झाला. लांबी अवघी चाळीस सेकंद. पण वाचकहो, हसू नका, त्यात चित्रे आहेत ४८०! पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटी धरून ठेवले, तरी सेकंदाला बारा चित्रे काढावीच लागतात. अंगणातल्या रांगोळीचे ठिपके जुळतात, त्यांचा मोर होतो आणि तो उठून चालू लागतो, एवढीच गोष्ट. रेषा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईच्या, जलरंग मुलीचे, आणि एकेक कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवणारा हमाल मी.

चित्रपट आम्ही एका स्पर्धेला पाठवला. तो परत आला. सोबत शेरा: ‘कागदाचा पोत दिसतो. रेषा थरथरतात. संगणकावर साफ करून पाठवावा.’

माझे भांडण आहे ते या ‘साफ करून’शी.

दोष दोन प्रकारचे असतात. काही यंत्राचे व आळसाचे. स्कॅनरला मोकळे सोडले, तर तो प्रत्येक कागदाचा उजेड स्वतःच्या मर्जीने कमीजास्त करतो आणि चित्रपट लुकलुकू लागतो. म्हणून ती आपोआप होणारी दुरुस्ती बंद करून सर्व कागदांना एकच माप लावावे लागते. कागदांना भोके पाडून ते खुंट्यांच्या पट्टीवर बसवले नाहीत, तर मोर जागच्या जागी उड्या मारतो. हे दोष मी मुकाट्याने सुधारले. पहिले साठ कागद पुन्हा स्कॅन केले. पण एकच मोर बारा वेळा काढला, की त्याची रेषा दर वेळी केसभर सरकते, आणि नुसता उभा असलेला मोरही श्वास घेतो आहे असे वाटते. हा दोष नव्हे, हा जीव आहे! ती थरथर पुसून एकच रेषा बारा वेळा वापरा. मोर स्वच्छ होईल, आणि मरेल.

कॅनडात फ्रेदेरिक बाक यांनी झाडे लावणाऱ्या माणसावरचा १९८७ चा लघुपट रंगीत पेन्सिलींनी काढला. त्याला ऑस्कर देणाऱ्यांना पेन्सिलीचे ओरखडे खुपले नाहीत. जपानमध्ये इसाओ ताकाहाता यांनी राजकन्या कागुयाच्या २०१३ च्या चित्रपटात खडबडीत रेषा आणि कोऱ्या जागा मुद्दाम राखल्या. त्यांना काय साफसफाई येत नव्हती?

कोणी म्हणेल, थरथर हवी असेल तर संगणकात तिचीही कळ आहे. आहे ना! म्हणजे हाताची थरथर आधी पुसायची, आणि मग यंत्राची आणून चिकटवायची. घरचे लोणी फेकून बाजारच्या तुपासाठी रांगेत उभे राहण्यातला हा शहाणपणा! अहो, घरची चकली सोऱ्यातून थोडी वाकडीच पडते. म्हणून तुमच्यापैकी कोणी ती फुटपट्टीने मोजून परत केली आहे काय?

यंदा आईला कुंचला धरवत नाही. मोर तिच्या बोटांतून पुन्हा उतरणार नाही. परीक्षकांनी आमचा चित्रपट खुशाल नापास करावा. तो त्यांचा अधिकार आहे. आम्ही मात्र यंदाही तोच पाठवीत आहोत, एकही रेषा न पुसता. साफ रेषा मला कोणतेही यंत्र काढून देईल. पण आईचा हात कोणते यंत्र देणार?