आरसा तराजूत घालण्यापूर्वी



गेल्या महिन्यात वर्सोव्यातील एका परिचित कुटुंबाने वाटणीच्या बैठकीला बोलावले. दुकान, सदनिका, ठेवी यांचे तासाभरात ठरले; गाडी अडली ती दिवंगत मातोश्रींच्या हात-आरशापाशी. त्यांच्या आजेसासूंच्या लग्नातला, म्हणजे शंभरी ओलांडलेला. पाठीवर पोलकी हिरे, माणिक व पाचू यांची कुंदन-जडण; मुठीवर लाल-हिरवे मीनाकाम. थोरले बंधू तो वितळवून तीन वाटे करावेत म्हणत होते. धाकटे तो अँटवर्पच्या बहिणीकडे पाठविण्याच्या विचारात होते.

बँकेत सोने तारण घेताना आम्ही एकूण वजनातून खडे व लाख वजा करीत असू. जडावात सोन्याचा पोकळ साचा लाखेने भरतात, खड्याखाली चमकती पन्नी ठेवतात आणि भोवती अतिशुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबून खडा पक्का करतात. त्यामुळे तराजू फसवतो. वितळविल्यास सोने थोडेच हाती येते आणि खोदणारा, मीनाकार व जडिया यांचे श्रम कायमचे नष्ट होतात. असा नग पाण्यात किंवा रसायनात बुडवू नये. ओल शिरली की पन्नी काळवंडते आणि खडा निस्तेज दिसतो.

परदेशी पाठविण्याचा मार्ग तर कायद्यानेच बंद आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांची कलावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. त्यासाठी कारावासाची तरतूद आहे. वयाविषयी शंका असल्यास पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांकडून दाखला घ्यावा.

मी सुचविले की छायाचित्रे काढा, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून लेखी किंमत घ्या, विमा उतरवा आणि तिघांचा समान हक्क कागदावर नोंदवा. दोघे बंधू गप्प होते. तेवढ्यात दूरध्वनीवरून बहीण म्हणाली, “दादा, आरसा घरीच राहू दे. मी येईन तेव्हा आईच्या खोलीत बसून त्यात पाहीन.” थोरल्यांनी तराजू उचलून आत ठेवला.

दर्पण हे आपल्या अष्टमंगलांपैकी एक. भरत चक्रवर्तींच्या बोटातील अंगठी गळून पडली; आरसेमहालात ते उघडे बोट पाहताना शोभा परक्याची असल्याचे त्यांना उमगले आणि त्यांना केवलज्ञान झाले, अशी कथा आपण बालपणापासून ऐकतो. वडिलोपार्जित रत्नांची वाटणी करताना भावंडांनी एकदा त्या आरशात पाहावे. त्यात दिसणारी चर्या आईला आवडली असती का, एवढेच स्वतःला विचारावे.