कूलिंग टॉवर आणि सुखोमाजरी

सरकारी कामानिमित्त चंदीगडला जाणे अनेकदा झाले. परंतु तेथील कॅपिटल कॉम्प्लेक्स निवांतपणे पाहण्याचा योग बराच उशिरा आला. ओळखपत्र दाखवून पास घ्यावयाचा आणि मार्गदर्शकाबरोबर ठरलेल्या वाटेनेच चालावयाचे, असा तेथला शिरस्ता. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय या तिन्ही वास्तू रोजच्या कामाच्या असल्याने हा बंदोबस्त समजण्यासारखा आहे. २०१६ साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

विधानसभेच्या छतावर उंच वर गेलेला, मध्ये किंचित निमुळता असा एक मनोरा दिसतो. सभागृहाचेच ते कवच. तळाशी सुमारे १२८ फूट व्यास असलेल्या या कवचाची जाडी सरासरी जेमतेम १५ सेंटिमीटर आहे. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांना हा आकार अहमदाबादच्या साबरमतीकाठी असलेल्या औष्णिक वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरवरून सुचला. मंदिराचे शिखर नाही, राजवाड्याचा घुमट नाही. लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला रूप मिळाले ते वाफेवर चालणाऱ्या कारखान्याचे!

कूलिंग टॉवरचे काम तसे साधे. वाफ टर्बाइन फिरवते. काम झालेल्या वाफेचे गार पाण्याच्या साहाय्याने पुन्हा पाणी करतात. त्यात हे गार पाणी तापते. ते मनोऱ्यात वरून सोडतात, खालून येणाऱ्या हवेने ते निवते आणि पुन्हा कामाला लागते. जे घेतले ते परत फिरवावयाचे, ही त्या यंत्रणेची शिस्त. आकार घेताना ही शिस्तही घेतली गेली काय, असा प्रश्न माझ्या मनात आला, आणि त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागले नाही.

कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या शेजारीच सुखना तलाव आहे. शिवालिक टेकड्यांतून येणारा सुखना चो हा पावसाळी ओढा अडवून १९५८ साली तो तयार झाला. त्याचे श्रेय ल कॉर्बुझिए यांच्याबरोबरच मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांना दिले जाते. शहराने तलाव जिवापाड जपला, तरी तो भराभर गाळाने भरू लागला. गाळ काढण्यावर पैसा आणि श्रम खर्ची पडत राहिले. तो येतो कोठून, हा प्रश्न मात्र मागे पडला.

सत्तरच्या दशकात चंदीगडच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातील पी. आर. मिश्रा यांनी त्या गाळाचा माग काढला. तो पोहोचला पिंजोरजवळच्या सुखोमाजरी या लहानशा गावाच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर. गावकरी तेथे गुरे, शेळ्या चारीत, कारण कोरडवाहू शेतीवर त्यांचे पोट भरत नव्हते. शहराच्या तलावासाठी त्यांनी चराई का थांबवावी? मिश्रा यांनी हुकूम सोडला नाही. गावाला पाणी दिले. १९७६ मध्ये पहिला मातीचा बंधारा झाला. पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, अगदी भूमिहीनालाही, समान वाटा मिळाला. त्या बदल्यात गावाने टेकड्यांवरील चराई स्वतःहून बंद केली. झाडे वाढली, भाबर गवत माजले, गवताचे उत्पन्न गावाला मिळू लागले आणि गाळ ओसरला. हिवरे बाजारची चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

पुढचा भाग मात्र आम्हा प्रशासकांसाठी आहे. उजाड डोंगर हिरवा करून मिळवलेल्या उत्पन्नावर सुखोमाजरीला आयकर भरावा लागला. नियमाच्या दृष्टीने त्यात चूक नसेलही. पण शहराचा तलाव राखणाऱ्या गावाला शहराने काय दिले, या रकान्याची तरतूद आपल्या कोणत्याच नमुन्यात नसते.

मार्च २०२० मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. तरीही वाटते, की तलावाला व्यक्ती मानण्याआधी त्याच्या माथ्यावरील माणसांना भागीदार मानावयास हवे. केवळ मनाई आणि दंड यांनी पाणलोट राखला जात नाही. ज्याचा वाटा नाही, त्याने राखण का करावी?

हे काही पंजाब-हरयाणाचेच दुखणे नव्हे. ब्रिटिश अमदानीत, १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसा धरणाने मुंबईची तहान भागवली. तानसा, वैतरणा व भातसा ज्या शहापूरच्या परिसरात आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईत वाढून आज दिल्ली, बंगळुरू वा परदेशी स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तेच पाणी प्यायले आहे.

माझे म्हणणे एवढेच, की शहराच्या पाणीपट्टीतील एक ठरावीक हिस्सा पाणलोटातील गावांना हक्क म्हणून मिळावा. अनुदान म्हणून नव्हे. तो ग्रामसभेच्या हाती जावा आणि त्याचा हिशेब शहर व गाव या दोघांनाही पाहता यावा. सुखोमाजरीने ही देवघेव पन्नास वर्षांपूर्वी करून दाखविली. विधानसभेच्या त्या मनोऱ्याखाली बसणाऱ्यांना तिचे कायद्यात रूपांतर करणे अवघड नाही. घेतलेले परत फिरविण्याची शिस्त त्यांच्या डोक्यावरच उभी आहे.