लुंबिनीला जाताना घाई नको

वर्षावास संपत आला की आमच्या वस्तीत दरवर्षी तेच बोलणे निघते. यंदा लुंबिनीला जायचेच! महिला मंडळाच्या भिशीत थोडे पैसे साठलेले असतात, कोणाला बोनसची आशा असते. मग एखादा उत्साही कार्यकर्ता वहीच्या पानावर यादी करून आणतो. सारनाथ, बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती आणि वर काठमांडू. एकूण दिवस नऊ. ती यादी पाहिली की आमच्या पोटात गोळा येतो.

त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीच्या बसने आम्ही आईला घेऊन गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत लुंबिनीसाठी एक दुपार होती. आधीच्या मुक्कामी उशीर झाला, सीमेवर गाडीच्या कागदपत्रांत तीन तास गेले आणि आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडून मायादेवी मंदिराचे दार बंद झाले होते. पहाटे बस पुढे निघणार होती. आईने बाहेरूनच हात जोडले, त्रिशरण म्हटले आणि विचारले, "बाळा, झालं का पाहून?" तिला पुन्हा नेणे आमच्याकडून झाले नाही.

म्हणून आमचा हिशेब सोपा आहे. पाच दिवसांची रजा, दोन स्थळे आणि एक राखीव दिवस. शुक्रवारी रात्री लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्स्प्रेसने निघावे. ही गाडी कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ करत रविवारी सकाळी गोरखपूरला पोचवते. तिथून कुशीनगर साधारण 50 किलोमीटर. महापरिनिर्वाण मंदिरातील पहुडलेल्या तथागतांना आणि रामाभार स्तूपाला वंदन करून तिथेच मुक्काम करावा. सोमवारी गोरखपूरमार्गे सोनौली गाठावी. गोरखपूर ते सोनौली बसने तीन तास धरा. सीमेची कमान पायीच ओलांडावी. भारतीय गाडी पलीकडे न्यायची म्हणजे भन्सारची पावती आणि रोजचे शुल्क आले. पलीकडे भैरहवा अवघे 4 किलोमीटर आणि तिथून लुंबिनी सुमारे 22. मंगळवार पूर्ण लुंबिनीचा. बुधवारी सकाळी तिलौराकोटला शाक्यांच्या कपिलवस्तूचे अवशेष पाहून रात्रीपर्यंत गोरखपूर. गुरुवारी परतीची गाडी, शनिवारी आपण घरी. बुधवारी काही अडले तर गुरुवारची सकाळ हाताशी राहते.

"मग काठमांडू?" असे कोणी विचारतोच. बाबासाहेब 1956 च्या नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले होते, तेव्हा ओढ वाटणे साहजिक आहे. पण लुंबिनीहून तो घाटरस्ता बसने आठ-दहा तासांचा आहे. जाऊन येऊन दोन दिवस बसमध्येच जातात. काठमांडू पुढच्या खेपेला.

महिना कोणता? दिवाळीच्या सुट्टीत मुले मोकळी असतात, पण त्याच वेळी उत्तरेकडच्या गाड्यांना छठपूजेची गर्दी असते आणि छठ उलटली की मुंबईकडे येणाऱ्या गाड्या भरतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. मे महिन्यात बुद्धपौर्णिमा असते खरी, पण तराईतले ऊन म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. आम्हाला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बरा वाटतो. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर नोव्हेंबराची अखेर. आरक्षण 60 दिवस आधी उघडते, त्याच सकाळी तिकीट काढावे.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही. पण त्याऐवजी मतदार ओळखपत्र हवे. इथेच आपली माणसे फसतात, आधार घेऊन निघतात. आधार चालते ते 15 वर्षांखालील मुलांना आणि 65 वर्षांवरील वडीलधाऱ्यांना. 15 ते 18 वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातले ओळखपत्र घ्यावे. सोनौलीला गर्दीत कोणी विचारत नाही, असे सांगणारे भेटतील. ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी सासूबाई पलीकडे आणि सूनबाई अलीकडे, असे व्हायला नको. लग्नानंतर बायकांची नावे कागदोकागदी बदललेली असतात, तीही आधीच ताडून पाहावीत.

पैशाचे म्हणाल तर आपल्या 100 रुपयांचे नेपाळी 160 होतात. 2018 साली नेपाळने 100 च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नियम बदलत राहतात, म्हणून 100 च्या आणि सुट्या नोटाच न्याव्यात. दुकानदाराने भाव सांगितला की "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी, हे विचारूनच पाकीट उघडावे. आपले सिमकार्ड रोमिंग घेतल्याशिवाय तिथे चालत नाही, हे घरी सांगून निघावे, नाहीतर मागचे लोक उगीच घाबरतात. आणि घड्याळ 15 मिनिटे पुढे करावे.

मंगळवारी मात्र घड्याळाकडे पाहूच नये. सकाळी मायादेवी मंदिरात जन्मस्थानाची शिळा पाहावी. शेजारीच सम्राट अशोकाचा स्तंभ आहे, 1896 साली प्रकाशात आलेला. तथागत इथे जन्मले म्हणून या गावाचा कर माफ केला आणि पिकाचा आठवाच हिस्सा घेण्याचे ठरवले, असे त्यावर कोरलेले आहे. आम्ही कारकून माणसे, आम्हाला हा हुकूम फार आवडतो! मग कालव्याच्या कडेने चालत उत्तरेकडे जावे. पूर्वेला थेरवादी आणि पश्चिमेला महायानी देशांचे विहार आहेत. सगळे होणार नाहीत, चार-पाच पुरेत. वडीलधाऱ्यांसाठी सायकलरिक्षा करावी. संध्याकाळी पुन्हा मंदिराकडे यावे, पुष्करणीपाशी बसावे आणि म्हाताऱ्या माणसाला "चला, बस सुटेल" असे कोणी म्हणू नये.