दोन सूत्रांपलीकडचे डी मॉर्गन

अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या मुलांना डी मॉर्गन हे नाव तोंडपाठ असते. दोन नियम, त्यांची सत्यता सारणी, लॉजिक गेटच्या आकृत्या. परीक्षेत हमखास मार्क मिळवून देणारा प्रश्न. मार्क मिळाले की नाव मागे पडते. हे ऑगस्टस डी मॉर्गन जन्मले मदुराईला, दिल्लीच्या एका मास्तरांचे गणिताचे पुस्तक लंडनमध्ये छापून यावे म्हणून ते झटले आणि तत्त्वासाठी एकाच कॉलेजातली नोकरी त्यांनी दोनदा सोडली, हे मुलांना कोणी सांगत नाही. सांगायला हवे. कारण त्या दोन नियमांमागचा बाणा या हकिगतींतच दिसतो.

जन्म २७ जून १८०६ चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी. जन्मानंतर लवकरच मुलाच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि सात महिन्यांचा असताना कुटुंब त्याला घेऊन इंग्लंडला परतले. १८२७ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते चौथे आले. पुढची वाट सरळ होती: एम.ए., फेलोशिप, मग प्राध्यापकी. मात्र त्यासाठी इंग्लंडच्या चर्चची मते मान्य असल्याची सही करावी लागे. डी मॉर्गन यांनी सही केली नाही. केंब्रिजचे दार बंद झाले आणि ते वकिली शिकायला लंडनला गेले.

तिथे त्याच सुमारास एक नवे विद्यापीठ उभे राहत होते, आज ज्याला युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन म्हणतात ते. विद्यार्थी किंवा शिक्षक, कोणालाही धर्म विचारायचा नाही हा त्याचा पाया. सनातनी मंडळी त्याला देव नसलेले कॉलेज म्हणून हिणवत. १८२८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, डी मॉर्गन तिथे गणिताचे पहिले प्राध्यापक झाले.

शिक्षक म्हणून ते विलक्षण होते. व्याख्यान संपताना उदाहरणे द्यायची, मुलांनी ती सोडवून आणायची, पुढच्या व्याख्यानाआधी स्वतः तपासून परत करायची, हा त्यांचा शिरस्ता. परीक्षेपुरती घोकंपट्टी त्यांना मनापासून नावडे. मुलाला तत्त्व समजले की नाही एवढेच ते पाहत. सिल्व्हेस्टरसारखा गणिती आणि जेव्हन्ससारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या वर्गात बसून गेला. वर्गाबाहेरच्यांसाठी त्यांनी ‘पेनी सायक्लोपीडिया’ या स्वस्त ज्ञानकोशात शेकडो नोंदी लिहिल्या. १८३८ मधल्या अशाच एका नोंदीत त्यांनी गणिती विगमनाची रीत नेमकेपणाने मांडली आणि तिला रूढ झालेले नावही दिले. नवा विचार त्यांनी सामान्य वाचकांच्या ज्ञानकोशात मांडला, याचे अप्रूप वाटायला हवे.

आता त्या नियमांविषयी. ‘अर्जदाराकडे पॅन आणि आधार दोन्ही आहेत’ हे खोटे ठरले, तर त्याच्याकडे दोन्ही नाहीत असे सिद्ध होत नाही. निदान एक नाही, एवढेच सिद्ध होते. ‘पॅन किंवा आधार आहे’ हे खोटे ठरले, तर मात्र दोन्ही नाहीत. मध्ययुगीन तर्कपंडितांना हे माहीत होते. डी मॉर्गन यांनी ते चिन्हांत बसवले आणि तर्काला बीजगणिताचा आधार दिला. त्यांचे ‘फॉर्मल लॉजिक’ १८४७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी जॉर्ज बूल यांचे तर्कशास्त्रावरचे पहिले पुस्तकही. एकच प्रांत, एकच वर्ष. दुसरा कोणी असता तर श्रेयावरून जुंपली असती. या दोघांचा स्नेह टिकला, पत्रव्यवहारही चालू राहिला. आज प्रत्येक संगणकाच्या चिपमध्ये या दोघांचे काम राबते आहे.

त्यांचे आणखी एक उदाहरण तर थेट वर्गात सांगण्यासारखे आहे. घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे. लहान मूलही याला होकार देईल. पण अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्काच्या चौकटीत हे अनुमान बसवता येत नाही, हे डी मॉर्गन यांनी दाखवले. ‘चे डोके’ हे एका वस्तूचे दुसरीशी नाते आहे आणि जुन्या चौकटीत नात्यांना जागाच नव्हती. त्यांनी १८६० च्या शोधनिबंधात या नात्यांचे तर्कशास्त्र मांडले. जगात तर्काच्या स्वतंत्र पद्धती ग्रीकांनी आणि संस्कृत भाषकांनी उभ्या केल्या आणि गणिताचा पायाही याच दोघांनी घातला, असेही त्यांनी त्या सुमारास लिहून ठेवले आहे. साम्राज्याच्या ऐन भरात एका इंग्रज प्राध्यापकाने हे म्हणावे, याचे मोल मोठे आहे.

त्यांनी ही बरोबरी कृतीतही आणली. दिल्ली कॉलेजात शिकवणारे मास्टर रामचंद्र यांनी १८५० मध्ये पदरमोड करून कलकत्त्यात एक इंग्रजी पुस्तक छापले. विषय होता महत्तम आणि लघुतम किमती काढण्याचा. युरोपात हे काम कलनशास्त्राने होई. रामचंद्रांनी ते वर्गसमीकरणांच्या आधारे, भारतीय बीजगणिताच्या वळणाने केले. या पद्धतीचा अगदी सोपा नमुना पाहा. १० चे असे दोन भाग करायचे की त्यांचा गुणाकार सर्वात मोठा यावा. एक भाग क्ष, दुसरा १० – क्ष, गुणाकार म. म्हणजे क्ष² – १०क्ष + म = ०. उत्तर वास्तव संख्येत हवे, तर विवेचक १०० – ४म हा ऋण असून चालणार नाही. म्हणून म जास्तीत जास्त २५, आणि त्या वेळी क्ष = ५. कलनशास्त्राचे एक अक्षरही लागले नाही!

कलकत्त्यात या पुस्तकाची कदर झाली नाही, उलट टीकाच झाली. बेथून या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत ते डी मॉर्गन यांच्या हाती पडले. त्यांनी कंपनीच्या संचालकांना लिहिले, पुस्तकाचे महत्त्व पटवले आणि १८५९ मध्ये ते लंडनहून पुन्हा निघाले. प्रस्तावना डी मॉर्गन यांची. तिच्यात त्यांनी रामचंद्रांची पाठ तर थोपटलीच, शिवाय भारताने स्वतःच्या बीजगणिताच्या परंपरेतून पुढे जावे, युरोपची नुसती नक्कल करू नये, असा आग्रह धरला. प्रस्तावनेच्या सुरात थोडा पालकत्वाचा भाव आहे, तो आज खटकतो. तरीही १८५७ च्या रणधुमाळीनंतर अवघ्या दोन वर्षांत लंडनमध्ये एका हिंदुस्थानी शिक्षकाच्या स्वतंत्र बुद्धीची साक्ष छापून यावी, ही साधी बाब नाही.

दावा तपासून पाहण्याची ही सवय इतरत्रही दिसते. जेम्स स्मिथ नावाच्या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने पाय (π) ची किंमत नेमकी सव्वातीनाहून अष्टमांशाने कमी, म्हणजे ३.१२५ आहे असा हट्ट धरला, तेव्हाही डी मॉर्गन यांनी त्याचे म्हणणे वाचून त्यातली चूक जाहीरपणे दाखवली. दावा कोणाचा यापेक्षा दावा काय, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले. एका ठिकाणी मात्र ते कमी पडले. एडा लव्हलेस यांना त्यांनी १८४० च्या सुमारास पत्रांतून गणित शिकवले. ही विद्यार्थिनी पुरुष असती तर अव्वल दर्जाची संशोधक झाली असती, असे त्यांनी तिच्या आईला कळवले. पण एवढा बौद्धिक ताण स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, अशी भीतीही त्याच पत्रात घातली. तिथे पुरावा मागायला ते विसरले. त्यांच्या काळाचा दोष म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण इतर बाबतींत ते काळाच्या पुढे होते.

नोकरीचे राजीनामे हीच त्यांची खरी कसोटी. १८३१ मध्ये शरीरशास्त्राच्या एका प्राध्यापकाला कॉलेजने काढून टाकले, तेव्हा शिक्षकाची अशी बेइज्जती होणार असेल तर आपण थांबत नाही म्हणून ते बाहेर पडले. १८३६ मध्ये परत आले. मग तीस वर्षांनी, १८६६ मध्ये, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्राच्या जागेसाठी जेम्स मार्टिनो यांचे नाव पुढे आले. ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, म्हणून नियामक मंडळाने त्यांना नाकारले. डी मॉर्गन स्वतः कोणत्याही पंथाचे नव्हते. तरी धर्म विचारायचा नाही हे वचन कॉलेजने मोडले, एवढे कारण त्यांना पुरले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात त्यांचे चित्र किंवा पुतळा ठेवायचे ठरवले, तेव्हा त्यालाही त्यांनी नकार दिला. पुढच्याच वर्षी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी असलेला त्यांचा मुलगा जॉर्ज गेला. १८ मार्च १८७१ रोजी ते स्वतः वारले.

आपल्याकडे दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांचा धडा आहे आणि त्यात विवेचकही शिकवला जातो. रामचंद्रांचे उदाहरण त्या धड्यात पाव पानात मावेल आणि डी मॉर्गन यांची ओळख चार ओळींत. पाठ्यपुस्तक मंडळाने पुढच्या आवृत्तीत एवढी जागा काढावी. तोवर ज्या शिक्षकांना शक्य आहे, त्यांनी विवेचकाच्या तासाला हे उदाहरण फळ्यावर घ्यावे आणि ते कुठून आले हेही मुलांना सांगावे.