डिप्लोमा म्हणजे शेवटचा थांबा नव्हे

"ताई, डिप्लोमा झाला की बास, मग स्थळं बघू," अजिंठ्यातल्या आमच्या शेजारच्या वहिनी परवा म्हणाल्या. पोरगी नुकतीच संभाजीनगरला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरला लागलेली. मला राहवलं नाही. अहो, तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावी नाही, सीईटी नाही. डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. क्लासच्या भरमसाठ फियाही वाचल्या!

मात्र हे आधीपासून मनात धरायला हवं. नुसतं पास होऊन भागत नाही, कॉम्प्युटरच्या जागांना चढाओढ फार. आणि गणिताचा हात सुटू देऊ नका. पदवीचं पहिलं वर्ष केलेलंच नसतं, दुसऱ्या वर्षी एकदम वरचं गणित समोर येतं. माझ्या ओळखीतली एक हुशार पोर तिथंच अडखळली. जातीचे, उत्पन्नाचे दाखलेही आत्ताच काढा, ऐनवेळी धावपळ होते.

पैशाचं म्हणाल, तर २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतल्यास पूर्ण शिक्षण शुल्क सरकार भरतं. वसतिगृह, जेवणाचा खर्च मात्र त्यात येत नाही.

"ह्यांना विचारून सांगते," वहिनी म्हणाल्या. मी रविवारी पुन्हा जाणार आहे, भाऊजी घरी असतील तेव्हा.