पक्षाघातानंतर गाणी ऐकल्याने मेंदू सावरतो का? संशोधन काय सांगतं?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या घरी एक गोष्ट सगळ्यांना चक्रावून टाकते. साधं 'पाणी द्या' म्हणता येत नाही, पण ओळखीचं भजन लागलं की शब्द आपोआप बाहेर पडतात. हा चमत्कार नाही, त्यामागे मेंदूची रचना आहे.

बोलता येत नाही, मग गाता कसं येतं?

बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं काम मुख्यतः डावा भाग सांभाळतो. झटक्यात तिथला रक्तपुरवठा तुटला की बोलणं अडतं. याला अफेजिया म्हणतात. गाताना मात्र उजवा भागही मदतीला येतो.

याच आधारावर १९७३ मध्ये बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी 'मेलॉडिक इंटोनेशन थेरपी' मांडली. यात रुग्ण रोजची वाक्यं चालीत म्हणतो आणि डाव्या हाताने ठेका धरतो. पुढे २००९ मध्ये अशा सहा रुग्णांचं स्कॅनिंग झालं. उपचारांनंतर त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात, ऐकणं आणि बोलणं जोडणारे तंतू वाढलेले दिसले.

नुसतं ऐकून फरक पडतो?

फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचे संशोधक टेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचं उत्तर दिलं. रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्याने ऑडिओबुक, तिसऱ्याला काहीच दिलं नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांना सुरूच होते.

५४ रुग्णांनी हा प्रयोग पूर्ण केला. तीन महिन्यांनी शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता गाण्यांच्या गटात ६० टक्क्यांनी सुधारली. ऑडिओबुक गटात १८, तर तिसऱ्या गटात २९ टक्के सुधारणा झाली. गाणी ऐकणाऱ्यांमध्ये उदासीही कमी होती.

२०१४ मध्ये याच गटांतील ४९ रुग्णांचे एमआरआय तपासले गेले. मेंदूचा डावा भाग दुखावलेल्या आणि गाणी ऐकणाऱ्या रुग्णांमध्ये, मेंदूच्या पुढच्या भागातला आणि भावनांशी संबंधित काही भागांतला करडा पदार्थ जास्त वाढला होता.

मग औषधं बंद करायची का?

अजिबात नाही. हे प्रयोग मोजक्या रुग्णांवरचे आहेत. गाण्याने रक्ताची गुठळी विरघळत नाही. ते काम औषधाचं, आणि ते औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं, यापैकी काहीही अचानक दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

गाण्याची पाळी त्यानंतर येते. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीच्या जोडीला ते वापरता येतं. खर्च जवळपास शून्य. फक्त गाणं रुग्णाच्या आवडीचं हवं, घरच्यांच्या नव्हे.