बाबांचा सूट पीस

एक सोप्पा प्रश्न. तुमच्या घरी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात एक चपटा खोका आहे का? आत न शिवलेला सूट पीस, कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेला, 'शिवू कधीतरी' म्हणून ठेवून दिलेला? असणारच. देव्हारा, जुना मिक्सर आणि न शिवलेला सूट पीस, या तीन गोष्टींशिवाय मराठी घर पूर्ण होत नाही.

आमच्याकडचा १९९२ चा आहे. आईच्या बाबांनी लग्नात जावयाला दिलेला. रेमंडचा, नेव्ही ब्लू, चंद्रपूरच्या गोल बाजारातून घेतलेला. त्यात आजोबांचा जवळपास अख्खा पगार गेला होता, हे आई आजही वर्षातून दोनदा ऐकवते. बाबा वनखात्यात क्लार्क. त्यांची बदली झाली की सूट पीसचीही व्हायची. आलापल्ली, मग वडसा, मग परत चंद्रपूर. लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. आता आलापल्लीत सूट घालून दाखवणार कुणाला? सागाच्या झाडांना? आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो, त्यात आमच्याकडची झाडून सगळी लग्नं तेव्हाच. लोकरीचा सूट घालून मांडवात उभं राहायचं तर अक्षता पडायच्या आधी सलाइन लावावं लागेल. त्यामुळे तो पीस तेहेतीस वर्षं पेटीतच राहिला.

यंदा दादाचं लग्न डिसेंबरात ठरलं. दादा हैदराबादला आयटीत, मी पुण्यात फ्रीलान्सर (म्हणजे आई शेजाऱ्यांना सांगते त्याप्रमाणे 'घरूनच काहीतरी लिहिते'). तर मी आठ दिवस आधीच घरी टपकले. पहिल्याच संध्याकाळी आईने पेटी उघडली, सूट पीस झटकला, दिव्यासमोर धरला. कसर नाही, भोक नाही. एकदम सही! आणि नेमकं तेव्हाच, पलंगावर शेंगदाणे खात बसलेले बाबा म्हणाले, "घर दादाच्या नावानं करून टाकतो. बक्षीसपत्र. दोनशे रुपये स्टॅम्प लागते म्हणे, होऊन जाते एका दिवसात."

माझ्या हातात रेमंडचा रिकामा खोका होता. खोटं वाटेल, पण त्याच महिन्यात मी एका कामासाठी या कंपनीचा सगळा इतिहास वाचून काढला होता. मी म्हटलं, "बाबा, थांबा जरा. या खोक्याची स्टोरी माहितेय का तुम्हाला?"

बाबांना स्टोऱ्या आवडतात. शेंगदाणे पुढे सरकवले.

आमच्या आजोबांना वाटायचं, रेमंड हा लंडनचा कुणी गोरा शिंपी असणार. कसलं काय! गिरणी ठाण्याची, १९२५ सालची. ससून घराण्याच्या हातात आली, तेव्हा त्यांच्या एका संचालकाचं आडनाव तिला चिकटलं. बनवायचे काय, तर जाडीभरडी घोंगडी आणि स्वस्तातलं लोकरी कापड. १९४४ मध्ये कानपूरच्या सिंघानियांनी ती विकत घेतली. त्यांच्या उद्योगसमूहाचं नाव जेके. जेके म्हणजे जुग्गीलाल आणि कमलापत, बाप आणि लेक. म्हणजे या घराण्याच्या पाटीवरच बापलेकाचं नातं कोरलेलं आहे. पुढे जे झालं ते वाचताना मला हे सारखं आठवत राहिलं.

कमलापत यांचा मुलगा कैलाशपत. त्याने ठाण्याच्या घोंगडीचा सूट केला. १९५८ मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेटला 'किंग्ज कॉर्नर' नावाचं दुकान थाटलं, रेमंडचं स्वतःचं पहिलं. आज मॉलमध्ये फिरताना एकाच ब्रँडचं दुकान म्हणजे काय विशेष, असं वाटेल. पण त्या काळी कापड म्हटलं की ठोक व्यापारी, दलाल, मग तुमच्या गावातला शेटजी. गिरणीनेच थेट काउंटर टाकायचा हा फंडा भारी होता. पुढे या काउंटरची साखळी झाली आणि गावोगावच्या मोठ्या कापड दुकानांतही रेमंडसाठी वेगळं कपाट आलं. त्यातल्याच एका कपाटातून गोल बाजारात आमचा पीस निघाला.

कैलाशपत १९६९ मध्ये गेले. आधी पुतण्याने आणि १९८० पासून मुलाने, विजयपतने, कारभार बघितला. हा माणूस म्हणजे अफाट प्रकरण. १९८६ मध्ये 'पार्क अॅव्हेन्यू' काढून शिंप्याकडे न जाणाऱ्यांची सोय केली. १९९१ मध्ये याच समूहाने 'कामसूत्र' नावाचे कंडोम आणले आणि त्याच्या जाहिरातींनी अख्ख्या देशाला घाम फोडला. (बाबांना हा भाग सांगताना मी 'इतर उत्पादनं' एवढंच म्हटलं.) १९८८ मध्ये साहेब एका चिमुकल्या मायक्रोलाइट विमानात एकटे बसून ब्रिटनहून भारतात आले, तेवीस दिवसांत. आणि २६ नोव्हेंबर २००५ ला, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुंबईतून हॉट एअर बलूनमध्ये बसून ६९ हजार फुटांच्या वर गेले. जागतिक विक्रम! उतरले कुठे, तर नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावात. आकाशातून हे ध्यान शेतात उतरताना बघणाऱ्यांचे चेहरे मला बघायचे होते राव.

मधल्या काळात ती जाहिरात आली. 'द कम्प्लीट मॅन'. शुमानची ती हळुवार धून आणि सूटमधला एक शांत पुरुष. तो मारामारी करत नाही, बाइक उडवत नाही. मुलांमध्ये रमतो, जुन्या शिक्षकांना विसरत नाही. आपल्या पिढीने टीव्हीवर पाहिलेला हा पहिला हळवा हीरो असेल. नात्यांची जाण असलेला माणूस म्हणजे पूर्ण पुरुष, हे आपल्याला एका कापड कंपनीने शिकवलं.

आता ट्रॅजेडी. थोरला मुलगा १९९८ मध्ये वाटणी करून सिंगापूरला गेला. धाकटा गौतम २००० मध्ये चेअरमन झाला. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये विजयपत यांनी कंपनीतले आपले सगळे शेअर्स, सुमारे ३७ टक्के, गौतमच्या नावे करून टाकले. सगळे. स्वतःकडे काही न ठेवता.

भांडण पेटलं ते घरावरून. ब्रीच कँडीचं जेके हाउस पाडून नव्याने बांधलं गेलं. २००७ च्या एका करारानुसार विजयपत यांना, आणि घराण्यातल्या आणखी काही जणांना, नव्या इमारतीत ठरलेल्या जुन्या दराने डुप्लेक्स मिळायचा होता. पण इमारत कंपनीची आणि कंपनी शेअर बाजारातली. जून २०१७ मध्ये भागधारकांनी तो प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला. ऑगस्टमध्ये वडील मुंबई हायकोर्टात. मी भाड्याच्या घरात राहतोय, गाडी आणि ड्रायव्हरही काढून घेतला, असं त्यांचं म्हणणं. मुलाची बाजू अशी, की मुलगा म्हणून माझी जबाबदारी वेगळी आणि चेअरमन म्हणून वेगळी. बाजारभावाने कोट्यवधींची मालमत्ता भागधारकांना डावलून कवडीमोलाने कशी देऊ? खरं सांगायचं तर हा मुद्दा मला तेवढा फालतू वाटत नाही. कंपनी म्हणून बरोबरच आहे ते. फक्त कम्प्लीट मॅन असता तर त्याने काय केलं असतं, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

२०२१ मध्ये वडिलांचं आत्मचरित्र आलं, नाव 'अॅन इन्कम्प्लीट लाइफ'. कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली. मार्च २०२४ मध्ये गौतमने दोघांचा जेके हाउसमधला फोटो सोशल मीडियावर टाकला, लोक म्हणाले मिटलं एकदाचं. काही दिवसांत वडिलांनीच सांगितलं की मिटलंबिटलं काही नाही, बोलावलं म्हणून गेलो होतो.

मी थांबले. बाबांनी सालं गोळा केली, खिडकीबाहेर टाकली.

"हे तर नटसम्राट झालं," ते म्हणाले.

"तेच म्हणतेय!"

"पन ते करोडपती लोकं. आपलं काय आहे? तीन खोल्या आन् एक आंब्याचं झाड." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुले पायजे काय हिस्सा? तसं सांग ना सरळ."

हे असं बाबा कधी बोलत नाहीत. आई स्वयंपाकघरात गेली. मला चटकन 'छे, मला काय करायचंय' म्हणायचं होतं आणि तोंडातून आलंच नाही. कारण एक सेकंदभर मला खरंच वाटलं, हो, हवाय. घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं आहे, २००५ च्या कायद्याने मुलींना मिळालेला वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क इथे लागू नाही, ते कुणालाही देऊ शकतात, हे सगळं मला पाठ आहे. तरी हवाय. त्या घराच्या प्रत्येक दाराची कुरकुर मला ओळखता येते. पण मी थांबवत होते ते त्यासाठी नाही, आणि आता हे कितीही ओरडून सांगितलं तरी पटणार नव्हतं.

रात्री गच्चीवर जाऊन दादाला फोन केला. तो उडालाच. "मी कधी मागितलं घर? मी परत येऊन चंद्रपुरात काय करणार आहे?" मग जरा गप्प बसला. म्हणाला, बैठकीत मुलीच्या काकांनी सहज विचारलं होतं, घर कोणाच्या नावावर आहे. बाबांना ते लागलं असणार.

तर, असं होतं ते. कुणी व्हिलन नाही. एका माणसाला आपल्या व्याह्यांपुढे कमी दिसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका वकील मैत्रिणीला पकडलं. तिने जे सांगितलं ते तुमच्याही कामाचं आहे, कारण तुमचेही बाबा कधीतरी शेंगदाणे खाताखाता हाच बॉम्ब टाकणार आहेत. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, हे बाबांचं खरं (स्थानिक कर असला तर तो वेगळा). पण बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्या दिवसापासून दुसऱ्याचं. मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि हयातीत हवं तितक्या वेळा बदलता येतं. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या २३ व्या कलमानुसार, 'मला सांभाळशील' या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर परत मिळू शकते. त्यासाठी न्यायाधिकरण आहे, आपल्याकडे ते प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर असतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका प्रकरणात आईच्या बाजूने निकाल देऊन मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. मात्र अट कागदावर हवी. 'घरचंच तर आहे, लिहायचं कशाला' म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. विजयपत यांनीही २०१८ मध्ये याच कायद्याचा आधार घेणार असल्याचं सांगितलं होतं.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. हो नाही, काहीच बोलले नाहीत. वनखात्यात तीस वर्षं फायली हलवलेला माणूस, कागद कधी पुढे सरकवायचा आणि कधी टेबलावर पडू द्यायचा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. रात्री फक्त विचारलं, "साक्षीदार घरचे चालतात काय?" मी म्हटलं, ज्याला काही मिळणार आहे तो नको.

सूट पीस दादाने घालावा अशी बाबांची इच्छा होती. दादाने हैदराबादला शेरवानी आधीच बुक केलेली. मग काय, शनिवारी बाबांनाच घेऊन जटपुरा गेटजवळच्या शिंप्याकडे गेले. त्याने कापड मुठीत चुरगाळलं, सोडलं, एक सुरकुती नाही. "असा माल आता येत नाही साहेब," म्हणाला. असे डायलॉग सगळेच शिंपी मारतात, पण बाबांची छाती इंचभर फुगली आणि नेमकी तेव्हाच त्याने टेप लावली. छाती चाळीस, पोट एकेचाळीस. माप वहीत लिहिताना त्याने विचारलं, "आतून माया किती सोडू?"

"सोड दोन बोटं," बाबा म्हणाले. "पुढं पोराले उसवून घेता आला पायजे."